सुनेनं थांबवलेला रेणू

कडेगावला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या पाहुण्यांनी विचारलं, "सूनबाई काय करत्यात?"

"औषधं तयार करते," मी म्हणालो.

"मेडिकल हाय व्हय? आष्ट्यातच?"

"दुकान न्हाई. नवं औषध शोधून काढायचं काम. कुपवाडला प्रयोगशाळा हाय, तितं जाती."

पाहुण्यांनी जिलेबी मोडली, जरा विचार केला आणि स्वतःचा गुडघा दाबून दाखवत म्हणाले, "मग ह्येच्यावर काय असलं तर सांगा की."

"तिचं काम डोक्याच्या आजारावर हाय. फिट, भास, असलं."

त्यावर पाहुणे पाटावर जरासे पलीकडं सरकले. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. मला मात्र असं सरकणं चांगलं ओळखू येतं, कारण माझी अर्धी नोकरी ते बघण्यात गेली.

मी फौजेत होतो, पण बंदूक चालवणाऱ्यांत नाही. वैद्यकीय विभागात नर्सिंग असिस्टंट. त्यातली बरीच वर्षं मनोविकाराच्या वॉर्डात. तिथं धडधाकट जवान यायचे. कुणाला नसलेले आवाज ऐकू यायचे, कुणाला वाटायचं की जेवणात काही घातलंय. गोळ्या सुरू झाल्या की आवाज कमी व्हायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्याबरोबर चेहरा लाकडासारखा व्हायचा, हात थरथरायचे, चहाचा कप तोंडापर्यंत नेताना बशीत सांडायचा. मग ते गोळ्या जिभेखाली लपवायचे आणि आमची पाठ फिरली की थुंकायचे. एक पंजाबी हवालदार होता, एरवी फार कमी बोलायचा. त्यानं मला एकदा सांगितलं, "आवाज़ें तो गईं साब, पर मैं भी साथ ही चला गया."

मी आमच्या डॉक्टरसाहेबांना विचारलं होतं, गोळी आवाज बंद करते तर हाताला का धरते? ते म्हणाले, "तिला एकच जागा धरून बसता येत नाही. वाटेत जिथं जागा मिळेल तिथं बसते." तेवढ्यावर तो विषय संपला. पुढं पेन्शन घेऊन आष्ट्याला आलो, ऊस बघायला लागलो.

थोरला मुलगा साताऱ्याच्या कॉलेजात शिकला आणि माझ्यासारखाच फौजेत गेला. त्याच्या वर्गातली एक मुलगी पुढं शिकत राहिली, पुण्याला जाऊन रसायनशास्त्रात डॉक्टर झाली. मग एका सुट्टीत मुलगा म्हणाला, "आबा, लग्न करीन तर हिच्याशी." मुलगी माणकडची, दुष्काळी भागातली. वडील मेंढरं राखणारे, आता थोडं डाळिंबही लावलेलं. भावकीत कुजबुज झाली, आपल्याकडं ऊस नि त्यांच्याकडं मेंढरं, असलं काहीबाही. मी ती मनावर घेतली नाही. बायकोला घेऊन सरळ त्यांच्या वस्तीवर गेलो.

घोंगड्यावर बसलो. आत चहा उकळत होता. तो बाहेर यायच्या आधीच मुलीचे वडील म्हणाले, "आवं, एक गोष्ट आदी सांगतो, मग च्या प्या. माज्या थोरल्या पोराला फिट येत्यात. ल्हानपनापास्नं. लपवून पोरगी द्यायची न्हाई मला."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी विचारलं, "गोळी कुठली चालू हाय?"

तो पोरगा स्वतःच आतून गोळ्यांचं पाकीट घेऊन आला. चांगला उंचापुरा, पण डोळे जड. औषध माझ्या ओळखीचं होतं.

"झोप येती का लय?"

"मेंढरामागं बसलो की डोळाच लागतो," तो म्हणाला. "फिटा कमी झाल्यात, न्हाई म्हनत न्हाई. पर लांडगा आला तरी कळायचं न्हाई मला."

मुलगी दारात उभी होती. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं गप्प राहायचं असतं, ते तिनं पाळलं नाही. "त्याच्या गोळ्या बंद करता यायच्या नाहीत," ती म्हणाली. "पण माणसाला झोपवल्याशिवाय फिट थांबवता आली पाहिजे. मला त्यावरच काम करायचंय."

परतीच्या एसटीत बायकोनं तिकिटं कनवटीला खोचली. मग म्हणाली, "पोरगी धिटाईनं बोलती. बरी हाय. पर कामाला गेली तर सैपाक कोन करनार?"

"तू आणि मी," मी म्हणालो. फौजेत पोळ्या लाटायला शिकलो होतो, त्याचा असा उपयोग झाला.

लग्नानंतर तिला कुपवाडच्या एमआयडीसीत काम मिळालं. एका बाजूला फौंड्री, दुसऱ्या बाजूला खोके बनवायचा कारखाना आणि मधे ही दुमजली प्रयोगशाळा. परदेशातली एक कंपनी पैसे पुरवायची आणि इथं रेणूंची आखणी व्हायची, ते बनवलेही जायचे. सकाळी ती स्कूटर काढायची आणि सांगलीच्या रस्त्याला लागायची. कुपवाडजवळ पाळीवर निघालेल्या कामगारांच्या दुचाक्यांची रांग लागते, त्यात तीही एक. मुलगा सरहद्दीवर, म्हणून तिच्या दिवसभराच्या गोष्टी ऐकायला आम्ही दोघंच.

एकदा मेथी निवडता निवडता मी तिला विचारलं, "पोरी, नेमकं करतीस काय तिथं? मला समजंल असं सांग."

तिनं काड्या बाजूला सारल्या. "मामा, मेंदूतल्या पेशींवर रिसेप्टर असतात. शरीरातलं एखादं रसायन येऊन तिथं बसलं की पेशीला निरोप मिळतो, पुढं काय करायचं त्याचा. सेरोटोनिन हे तसलं एक रसायन. पण त्याच्या बसायच्या जागा एका प्रकारच्या नाहीत. डझनाहून जास्त आहेत. त्यातल्या तीन आमच्या कामाच्या. त्यांना ए, बी, सी म्हणू. सख्खी भावंडं आहेत, जवळजवळ सारखी."

"मग?"

"सी ला थोडं जागं केलं तर फिट आवरायला मदत होते, असं दिसतंय. पण त्याच औषधानं ए ला जागं केलं तर भास व्हायला लागतात. आणि बी हृदयाच्या झडपांवर असतो. तिथं औषध वर्षानुवर्षं बसत राहिलं तर झडपा जाड होतात, नीट मिटत नाहीत."

"म्हंजे सी ला हात लावायचा, ए ला न्हाई, बी ला न्हाई."

"एवढंच," ती म्हणाली आणि हसली. "एवढ्यासाठीच माणसं आयुष्य घालवतात."

मला आमच्या डॉक्टरसाहेबांचं बोलणं आठवलं. मग मी तिला वॉर्डातलं सांगितलं, जिभेखालच्या गोळ्या, सांडलेला चहा, तो पंजाबी हवालदार. तो काय म्हणाला ते ऐकल्यावर ती मेथी निवडायची थांबली. "मामा, असं आणखी सांगत जा," म्हणाली. त्यानंतर आमची संध्याकाळची बैठकच बसली. ती जागांबद्दल सांगायची, मी माणसांबद्दल.

खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा असते. त्यांच्या प्रयोगशाळेतही होती आणि घरच्यांना बोलावणं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून सुनेच्या स्कूटरवर मागं बसून गेलो. गोल बुडाचे काचेचे चंबू कोमट पाण्यात तिरके फिरत होते, त्यातलं द्रावण उडून जात होतं. त्यांना फिरवणाऱ्या यंत्राच्या दांड्याला झेंडूची माळ होती. नाजूक तराजूला मात्र कुणी हळदीकुंकू लावलं नव्हतं, शेजारी एक फूल तेवढं ठेवलेलं.

सुनेनं मला संगणकासमोर बसवलं. पडद्यावर रिसेप्टरच्या आतली पोकळी दिसत होती, निळी-पिवळी, ओबडधोबड, आणि तिच्यात बसलेला छोटा रेणू. तिनं बी आणि सी शेजारी शेजारी लावून दाखवले. मला दोन्ही सारखेच दिसले. तिनं बोटानं एक वळण दाखवलं. "इथं बघा. सी ला इथं जरा मोकळी जागा आहे. बी ला नाही. आम्हाला या जागेत शिरेल असं काहीतरी रेणूला जोडायचंय. मग तो बी मध्ये मावणार नाही."

त्यांचे प्रमुख तिथं आले. पांढऱ्या केसांचे, परदेशात बरीच वर्षं काढून परत आलेले शास्त्रज्ञ. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बाकीचे दहा रेणू काढतात आणि कुठला चालतो ते बघतात. तुमची सून तीन काढते आणि का चालेल ते आधी सांगते."

परत येताना स्कूटरवर मी इतका ताठ बसलो होतो की ती म्हणाली, "मामा, जरा सैल बसा, तोल जातोय."

पुढं तिनं आखलेल्या रेणूंपैकी एक उठून दिसायला लागला. पेशींवरच्या चाचण्यांत सी चांगला जागा होत होता, ए गप्प, बी गप्प. मग उंदरांवर चाचणी झाली. फिट कमी झाल्या, आणि तिच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उंदीर पेंगत नव्हते. फिरत्या दांडीवर ठेवले तर तोल सांभाळून चालत होते. त्या दिवशी ती पेढे घेऊन आली. माणला फोन लावून भावाला म्हणाली, "दादा, आमचे उंदीर जागे राहिले!" त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण पलीकडून तो मोठमोठ्यानं हसत होता.

परदेशी कंपनी पुढच्या तयारीला लागली. पण सून अस्वस्थ दिसायची. जेवताना मधेच थांबायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "औषध पोटात गेल्यावर जसंच्या तसं राहत नाही, मामा. यकृत त्याचे तुकडे करतं. मूळ रेणू बी वर बसत नाही हे आम्ही पाहिलंय. तुकडा बसतो का, ते नीट पाहिलेलं नाही."

"मग बघा की."

"बघायचं तर आधी तो तुकडा वेगळा बनवावा लागेल."

तो तिनं स्वतः बनवला आणि तपासायला बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला.

उत्तर आलं तेव्हा कृष्णेला पूर होता. सांगलीकडचा रस्ता पाण्याखाली गेलेला, ती घरीच अडकलेली. वीज नव्हती, इन्व्हर्टरवर तिचा लॅपटॉप चालू. फोनची रेंज फक्त माडीवर येत होती, म्हणून ती वर बसली होती. मला म्हणाली, "मामा, आता मीटिंग आहे. कुणाला वर येऊ देऊ नका." मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. दार उघडंच होतं. इंग्रजी बोलणं मला बऱ्यापैकी कळतं, मिलिटरी हॉस्पिटलात त्याशिवाय चालत नाही.

तिनं आधी निकाल सांगितला. तुकडा बी वर बसतोय, आणि चांगलाच बसतोय. मग परदेशी कंपनीतल्या एका माणसानं विचारलं, डोस कमी ठेवला तर?

"तुकडा शरीरात साठत राहील," ती म्हणाली.

दुसरी एक बाई म्हणाली, पहिल्या चाचण्या थोड्या दिवसांच्या असतात, त्यात काही दिसणार नाही. पुढं हृदय तपासत राहू.

"थोड्या दिवसांत दिसणार नाही, बरोबर आहे," सून म्हणाली. "पण आपण हे औषध कुणासाठी करतोय? ज्या मुलांना दिवसातून अनेक वेळा फिट येतात त्यांच्यासाठी. ती मुलं हे आयुष्यभर घेतील. त्यांची झडप खराब झाल्याचं कळेल तेव्हा आपल्यापैकी कुणी या कामावर नसेल. हा रेणू मी आखलाय. तो थांबवा, असं मीच म्हणतेय."

मग कुपवाडच्या प्रमुखांचा आवाज आला. ते एवढंच म्हणाले, "माझंही मत तेच आहे." परदेशी कंपनीनं सांगितलं, पुढं या कामाला पैसे द्यायचे का याचा आम्ही विचार करू.

मीटिंग संपली. ती बाहेर येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली. डोळे भरलेले. "लय देखणा होता हो मामा तो रेणू," म्हणाली. एरवी प्रमाण बोलणारी, पण त्या वेळी माणची भाषा तोंडात आली.

बायको चहा घेऊन वर आली. काय झालं ते मी थोडक्यात सांगितलं. तिनं कप सुनेच्या हातात दिला. "मग दुसरा कर," म्हणाली. "त्यो तरी तूच केलावतास न्हवं?"

संध्याकाळी प्रमुखांचा फोन आला. सुनेनं तो मला ऐकू येईल असा लावला होता. ते म्हणाले, "तू बोलली नसतीस तर मला बोलावं लागलं असतं. आणि मी इतकं स्पष्ट बोललो असतो का, मला सांगता येत नाही." वॉर्डात मी मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं पाहिली. शौर्याची पदकं लावलेलेही. त्या संध्याकाळी माझ्या घरात बसलेल्या या मुलीबद्दल मला जे वाटलं, ते त्यांच्यातल्या फार थोड्यांबद्दल वाटलं होतं. मी तिला तसं सांगितलं नाही. सासऱ्यानं सुनेला असं काही सांगायची आमच्याकडं रीत नाही. मी तिची स्कूटर पुसून ठेवली, एवढंच.

पाणी ओसरलं, रस्ता मोकळा झाला. काम चालू ठेवायचं, असा परदेशातून निरोप आला. सून पुन्हा पहिल्यापासून बसली. यकृत रेणूला जिथून तोडतं तिथं तिनं फ्लोरिनचा एक अणू बसवला. तोडणं थांबलं, पण सी देखील दाद देईना. मग रेणूची एक मोकळी बाजू वळवून तिचं बंद कडं केलं. आता सी जागा झाला, पण अर्धवट. एकदा ती घरी आली आणि तळहात एकमेकांसमोर धरून मला म्हणाली, "मामा, आमच्या चंबूत दोन रेणू तयार होतायत. एक डावा, एक उजवा. आरशातल्यासारखे. दोन्ही एकत्र तपासतोय म्हणून निकाल अर्धा येतोय." ते दोन वेगळे करायला बराच काळ गेला. वेगळे झाल्यावर कळलं की एक नुसताच बसून राहायचा, दुसरा सी ला नीट जागं करायचा. आणि त्या दुसऱ्याचा कुठलाही तुकडा बी वर बसत नव्हता. या वेळी तिनं तुकडे आधी तपासून घेतले होते.

प्राण्यांवरच्या सुरक्षेच्या चाचण्या लांबच्या शहरांत झाल्या. झडपांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितले गेले, ते स्वच्छ निघाले. पेटंटच्या कागदावर शोध लावणाऱ्यांत तिचं नाव सगळ्यात आधी आलं. शेवटी निरोगी स्वयंसेवकांना पहिला डोस दिला गेला. सगळे ठीक आहेत असा निरोप आला तेव्हा रविवार होता. ती निरोप वाचून आत गेली आणि दुपारभर गाढ झोपली. बायकोनं अंगणात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही.

आमच्या माजी सैनिकांच्या मंडळानं तिचा सत्कार ठरवला. ती नाही म्हणाली. "मामा, हे अजून औषध नाही. आजारी माणसांवरच्या चाचण्या व्हायच्यात. त्यात अपयश येऊ शकतं. बहुतेक वेळा येतंच." मी मंडळींना तसं सांगितलं. ते म्हणाले, मग सत्कार नको, तुमीच येऊन तिच्याबद्दल बोला. ती मागच्या खुर्चीवर बसायला तयार झाली.

मला भाषण येत नाही. मी त्यांना फक्त पुराच्या दिवसातली मीटिंग सांगितली. रेणू, तुकडा, हृदयाची झडप, सगळं, जसं मला समजलं तसं. मधेच एक म्हातारे सुभेदार उठले. "थांबा गड्या. म्हंजे एवढी वर्सं खपून केलेलं काम तिनं सोता बंद पाडलं?"

"व्हय."

"कुनी सांगितल्याबिगर?"

"कुनी सांगितल्याबिगर."

सुभेदार सुनेकडं वळले, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. तिनं हात जोडले. मी रुमाल काढून चष्मा पुसत बसलो. तो बराच वेळ पुसावा लागला.

गेल्या दिवाळीनंतर मी आणि सून माणला गेलो. तिच्या भावाला मिरजेच्या डॉक्टरांनी आता वेगळ्या गोळ्या दिल्यात, बाजारात आधीपासून असलेल्याच. झोप पहिल्याइतकी येत नाही, फिट मात्र अधूनमधून येते. तो मेंढरं घेऊन माळावर निघाला होता, आम्हीही बरोबर चालायला लागलो.

"तुजी गोळी मला कवा मिळंल?" त्यानं बहिणीला विचारलं.

"दादा, खरं सांगू? ठाऊक नाही. मिळेल का तेही ठाऊक नाही."

"बरं," तो म्हणाला. "मग हात चालीव की भराभरा. हितं फिरत का बसलीयास?"

ती खो खो हसली. तेवढ्यात पायवाटेनं मोटारसायकलवरून दोघं अनोळखी आले. मेंढरं आडवी आली म्हणून थांबले आणि शहरी कपड्यांतल्या सुनेकडं बघायला लागले. त्यांनी काही विचारायच्या आधीच हा म्हणाला, "ही माजी भैन. मला फिटा येत्यात न्हवं, त्येच्यावर ती औषध काढाय लागल्या. मोठी शास्त्रज्ञ हाय."

लहानपणापासून फिट आली की हा माणूस नंतर घोंगडं डोक्यावरून ओढून पडून राहायचा, तोंड दाखवायचा नाही, असं तिनंच मला सांगितलं होतं. आता तो भर माळावर परक्यांना आपला आजार सांगत होता, आणि सांगताना त्याची छाती पुढं आली होती. सुनेनं मान दुसरीकडं वळवली.

"कुठं असत्यात त्या?" मोटारसायकलवाल्यानं विचारलं.

"आष्ट्याला," मी मधेच बोललो. "आमच्या घरी."